टिपणे आणि माग काढणे : अभयारण्यातील पायवाट, कॅमेरा आणि भारतीय वनगद्य

१

मराठीत ‘टिपणे’ या क्रियापदाचा पैस मोठा आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, टीपकागद शाई टिपतो, अभ्यासक वहीत टिपणे काढतो. आणि छायाचित्रणाची कला रुळल्यानंतर छायाचित्रकारही दृश्य ‘टिपू’ लागला. एकाच क्रियापदात उपजीविका, हिंसा, नोंद आणि प्रतिमा या चार व्यवहारांची वस्ती असावी, याकडे केवळ कोशातील गंमत म्हणून पाहता येत नाही. रानात पायी हिंडून प्राणी पाहणारा, त्यांची छायाचित्रे किंवा रेखाटने करणारा आणि पुढे त्यावर गद्य लिहिणारा जो लेखक विसाव्या शतकातील भारतीय साहित्यात अवतरला, त्याच्या लेखनातील मूलभूत ताण या क्रियापदात आधीच साठलेला आहे.

पाश्चात्त्य छायाचित्रमीमांसेने या ताणाचा विचार मुख्यतः ‘शूट’ या इंग्रजी शब्दाच्या आधारे केला. सुझन सोन्टाग यांनी ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या ग्रंथात बंदुकीचे रूपांतर कॅमेऱ्यात झाल्याची मांडणी केली. निसर्गापासून माणसाला असलेला धोका सरला आणि माणसापासून निसर्गाला धोका निर्माण झाला, तेव्हा शिकारी सफरीची छायाचित्र-सफर झाली, असा त्या मांडणीचा आशय आहे. डॉना हॅरावे यांनी १९८४ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात कार्ल एकली यांच्या आफ्रिकेतील मोहिमा आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील पेंढा भरलेले प्राणी यांचा विचार करताना बंदूक, कॅमेरा आणि संग्रहालय यांना एकाच सत्ताव्यवहाराच्या कड्या मानले. या दोन्ही विवेचनांचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्यांतील नायक बहुतेक वेळा नेम धरण्याच्या क्षणीच भेटतो. त्या क्षणापर्यंत तो कोणत्या वाटेने आला, त्याच्या पुढे कोण चालत होते आणि किती दिवस काहीच दिसले नाही, हा भाग मीमांसेच्या परिघावर राहतो.

भारतीय वनगद्याचे वाचन करताना नेमका हाच परीघ मध्यभागी येतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, अभयारण्यविषयक लेखनात दोन कथनप्रवृत्ती सतत एकमेकींशी झगडताना दिसतात. प्राणी दृष्टीस पडण्याच्या क्षणाभोवती रचलेल्या प्रवृत्तीला येथे ‘दर्शनकथन’ म्हटले आहे. वाट, खुणा, प्रतीक्षा, हुकलेली गाठ आणि वाटाड्याचे ज्ञान यांभोवती रचलेल्या प्रवृत्तीला ‘मागकथन’ असे नाव दिले आहे. छायाचित्र स्वभावतःच दर्शनाच्या बाजूचे असते. गद्याचे सामर्थ्य मागाच्या बाजूला असते. ज्या लेखकांना हे उमगले, त्यांचे लेखन छायाचित्रांच्या महापुरातही टिकले. ज्यांना उमगले नाही, त्यांचे गद्य चित्राखालच्या ओळीएवढे आखूड झाले. हे प्रतिपादन फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन, जिम कॉर्बेट, व्यंकटेश माडगूळकर, मारुती चितमपल्ली आणि पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या लेखनाच्या आधारे येथे तपासले आहे.

२

प्रथम काही शब्दांचा विचार आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘सँक्च्युअरी’ किंवा ‘रेफ्यूज’ या शब्दांमागे आश्रयस्थानाची कल्पना आहे. ‘अभयारण्य’ या शब्दात तिच्याऐवजी वचनाची कल्पना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ ही संज्ञा येते आणि तेथील प्राण्यांना इजा करणाऱ्यास दंड सांगितलेला आहे. अभय ‘दिले’ जाते. म्हणजे देणारा कोणी सत्ताधीश असतो आणि त्या वचनाची किंमतही कोणाला तरी मोजावी लागते. अभयारण्याविषयीचे कोणतेही लेखन वाचताना हा व्यवहार ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

‘मृग’, ‘मृगया’ आणि ‘मार्ग’ हे शब्दही परस्परांचे नातलग आहेत. ‘मार्ग’ या शब्दाचा मूळ अर्थ वन्य पशूची वाट असा कोशकार देतात आणि मराठीतील ‘माग’ हा त्याच ‘मार्गा’चा वंशज आहे. ज्याला आज आपण रस्ता म्हणतो, तो प्रथम हरणाच्या खुरांनी पडलेला होता, असे ही व्युत्पत्ती सुचवते. माग काढणारा माणूस मूलतः दुसऱ्या जीवाच्या पावलांवर पाऊल ठेवून चालणारा वाचक असतो.

शिकार आणि चित्र यांचा संबंधही कॅमेऱ्याच्या शोधाहून पुष्कळ जुना आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंत धनुष्य ताणून हरणाचा पाठलाग करतो आणि हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नये, असे सांगून तपस्वी त्याला थांबवतात. आश्रमाची हद्द ही येथे अभयाची हद्द आहे. सहाव्या अंकात हाच राजा शकुंतलेचे चित्र काढतो आणि ते अपुरे वाटून त्यात मालिनी नदी, हंस, हिमालयाच्या पायथ्याची हरणे आणि काळविटाच्या शिंगावर डोळा खाजवणारी हरिणी घालू इच्छितो. ज्याने आरंभी हरणावर बाण रोखला, तोच शेवटी हरणाला विश्वासाच्या मुद्रेत चितारू पाहतो. या दोन अंकांमधील अंतर बाणाकडून कुंचल्याकडे जाण्याचे आहे. पण ते अंतर पार होते विस्मरण आणि पश्चात्ताप यांच्या मार्गाने. चित्र काढल्यामुळे राजा निर्दोष ठरत नाही. गमावलेल्या गोष्टीची जाणीव झाल्यावरच त्याला हरणे दिसू लागतात. बंदूक टाकून कॅमेरा घेतलेल्या आधुनिक वनलेखकाकडे पाहताना कालिदासाने घातलेली ही अट विसरता येत नाही.

३

भारतातील वन्यजीव छायाचित्रणाच्या इतिहासात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन (१८९३–१९७०) यांचे स्थान आरंभीचे आहे. संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या चॅम्पियन यांनी शिवालिकच्या रानांत रात्री हिंडणाऱ्या वाघांची छायाचित्रे घेतली आणि त्यांचे पहिले पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘वाघांच्या मुलखात कॅमेऱ्यासह’ असा होतो. साधन आणि सावज, दोन्ही शीर्षकातच उभी आहेत. १९३४ मध्ये त्यांचे दुसरे पुस्तक आले. राजेरजवाडे आणि गोरे अधिकारी वाघांच्या कातड्यांसमवेत छायाचित्रे काढून घेत होते, त्या काळात जिवंत वाघाच्या छायाचित्राला प्रतिष्ठा देणे ही विरोधी कृती होती.

चॅम्पियन यांच्या पद्धतीत एक अर्थपूर्ण विसंगती दडलेली आहे. ते वाटेवर तार ताणून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशाचा लोळ उठे आणि छायाचित्र निघे. म्हणजे छायाचित्रणाच्या क्षणी छायाचित्रकार तेथे हजर नसे; प्राणी स्वतःच स्वतःचे चित्र काढी. त्यामुळे नेम धरण्याची, म्हणजेच ‘शूट’ करण्याची क्रिया या पद्धतीतून जवळजवळ नाहीशी होते. मग छायाचित्रकाराचे कर्तृत्व कोठे उरते? ते उरते तार कोठे ताणायची हे ठरवण्यात. वाघ कोणत्या वाटेने, कोणत्या ओढ्याच्या कडेने, कोणत्या वेळी जाईल हे ओळखण्यासाठी दिवसा पायी हिंडून ठसे वाचावे लागत. चॅम्पियन यांचे छायाचित्र हे वस्तुतः मागाचे फळ आहे. छायाचित्राच्या चौकटीत मात्र मागाचा मागमूस नसतो. ती उणीव त्यांच्या गद्याने भरून काढली आहे. सोन्टाग यांचे बंदूक-कॅमेरा समीकरण या ठिकाणी अपुरे पडते. चॅम्पियन यांचे साधन बंदुकीपेक्षा फासेपारध्याच्या फाशाच्या अधिक जवळचे आहे आणि फासा लावणाऱ्याला वाट वाचता यावी लागते.

जिम कॉर्बेट यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) हे पुस्तक शिकारकथांचा संग्रह म्हणून वाचले जाते. त्याची रचना पाहिली तर निराळे काही दिसते. दहा प्रकरणांपैकी बहुतेक प्रकरणे पायपिटीची आहेत. गावोगाव चालत जाणे, भयभीत माणसांशी बोलणे, चिखलातील ठशांवरून नरभक्षकाचे वय, लिंग आणि जखम ताडणे, यांतच कथनाचा बहुतांश वेळ जातो. गोळी सुटण्याचा प्रसंग थोडक्या ओळींत आटोपतो. शेवटचे प्रकरण कॅमेऱ्याचे आहे. कातडे हा एकट्या शिकाऱ्याचा आनंद असतो, चांगले छायाचित्र मात्र सर्व वन्यजीवप्रेमींचे होऊ शकते, असा विचार कॉर्बेट तेथे मांडतात. चलच्चित्र घेताना यंत्राच्या आवाजाने वाघ बुजू नयेत म्हणून त्यांनी ओढ्यात लहान लहान बांध घालून पाण्याचा खळखळाट वाढवला, हा तपशील विशेष लक्षणीय आहे. शिकारी स्वतःचा आवाज दाबतो. येथे रानाचाच एक आवाज वाढवून यंत्राचा आवाज झाकला आहे. रानात राहून रानासारखे होण्याची ही कला कॉर्बेट यांना पायपिटीने दिली.

तरीही दोघांच्या लेखनाला वसाहतवादी चौकटीची मर्यादा आहेच. वाटाडे, हाकारे, ओझी वाहणारे यांची उपस्थिती जाणवते; कॉर्बेट यांच्याकडे तर आपुलकीने जाणवते. पण मागाचे अर्थनिर्णयन अखेर साहेबाचेच असते. गावकरी माहिती देतो, तिचे ज्ञान साहेब करतो. ही विभागणी पुढील भारतीय लेखकांकडे कशी बदलते, हे पाहणे उद्बोधक आहे.

४

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) हे तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेले, पुढे ती बाजूला ठेवलेले आणि हातात कायम पेन्सिल असलेले लेखक होत. त्यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक पूर्व विदर्भातील त्याच नावाच्या अभयारण्यातील मुक्कामातून आले. सुमारे १५३ चौरस किलोमीटरचे हे रान १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले होते. चॅम्पियन यांच्या शीर्षकात साधन आणि सावज आहे, कॉर्बेट यांच्या शीर्षकात नरभक्षक आहे. माडगूळकरांच्या शीर्षकात केवळ एका जागेचे नाव आहे. ही निवड त्यांच्या दृष्टीचे निदर्शक आहे.

माडगूळकरांच्या गद्यात ‘टिपणे’ या क्रियापदाचा तिसरा अर्थ, म्हणजे टिपण काढणे, खऱ्या अर्थाने वाङ्मयीन होतो. आखूड वाक्ये, विशेषणांचा संयम, वेळ-वारा-प्रकाश यांच्या नोंदी आणि निष्कर्षाची घाई टाळण्याची वृत्ती हे त्यांच्या शैलीचे घटक आहेत. ते चित्रकारही असल्यामुळे रेखाटन आणि छायाचित्र यांतील भेद त्यांच्या लेखनात मुरलेला आहे. छायाचित्र एका क्षणाचे असते. रेखाटनात मात्र अनेक क्षण एका रेषेत गोळा होतात. पाहणारा किती वेळ तेथे बसला होता, हे रेषेला ठाऊक असते. माडगूळकरांचे वाक्य अशा रेषेसारखे चालते. पाणवठ्यावर काही न येण्याची दुपार त्यांना लिहिता येते. कॅमेऱ्याला ती दुपार घेता येत नाही, कारण रिकाम्या पाणवठ्याच्या छायाचित्रात प्रतीक्षा दिसत नाही, केवळ पाणवठा दिसतो.

‘सत्तांतर’ (१९८२) या त्यांच्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष सांगणाऱ्या या कृतीत मानवी निवेदकाला जवळजवळ स्थान नाही. दीर्घ निरीक्षणाच्या पायावर उभी राहिलेली ही कथा छायाचित्रणाच्या मर्यादेचे उत्तर म्हणूनही वाचता येते. एका वानराचे चित्र घेता येईल, टोळीचे भवितव्य चित्रात घेता येत नाही. त्यासाठी ऋतूंमागून ऋतू त्यांच्या मागे राहावे लागते.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे स्थान वेगळे आहे. सोलापुरात जन्मलेल्या, घरची भाषा तेलुगू असलेल्या या लेखकाने वनखात्यातील तीन दशकांहून अधिक काळाच्या सेवेतून मराठीला एक नवे वनगद्य दिले. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘रानवाटा’ या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातच वाट आहे, आणि ती अनेकवचनी आहे. त्यांच्या लेखनात गोंड, माडिया, पारधी, ढीवर यांच्याकडून आलेले शब्द, समजुती आणि खुणा यांचा साठा आहे. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी घडवले. ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणला आणि पक्ष्यांचा कोश सिद्ध केला. कॉर्बेट यांच्याकडे गावकऱ्याची माहिती साहेबाचे ज्ञान होते. चितमपल्लींकडे आदिवासी वाटाड्याचे ज्ञान बरेचदा त्याच्याच नावाने, त्याच्याच शब्दात संहितेत येते. भारतीय वनगद्यातील हे महत्त्वाचे स्थित्यंतर होय.

या लेखनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ऐकीव समजूत आणि स्वतःचे निरीक्षण यांमधील सीमारेषा चितमपल्ली अनेकदा पुसट ठेवतात, त्यामुळे निसर्गशास्त्राच्या अभ्यासकाला त्यांची विधाने जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. याहून सूक्ष्म प्रश्न निवेदकाच्या स्थानाचा आहे. रानवाटांवर चालणारा हा निवेदक वनाधिकारी आहे. ज्या खात्याने आदिवासींच्या वावरावर बंधने घातली, त्या खात्याचा तो प्रतिनिधी आहे. वाटाड्याशी असलेला स्नेह संहितेत दिसतो, पण दोघांमधील अधिकाराचे अंतर क्वचितच दिसते. वाट एकच असली तरी तिच्यावर चालण्याचा हक्क दोघांचा सारखा नव्हता.

५

हा प्रश्न कथात्म साहित्यात अधिक तीव्रतेने कसा येतो, हे पाहण्यासाठी कन्नडकडे वळणे इष्ट ठरेल. के. पी. पूर्णचंद्र तेजस्वी (१९३८–२००७) हे मूडिगेरे परिसरात शेती करणारे कादंबरीकार आणि पक्ष्यांचे व्यासंगी छायाचित्रकार होते. लेखक आणि छायाचित्रकार या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत समर्थपणे नांदल्याचे भारतीय साहित्यातील हे ठळक उदाहरण आहे. त्यांच्या ‘कर्वालो’ (१९८०) या कादंबरीतील रान अधिकृत अर्थाने अभयारण्य नाही, ते पश्चिम घाटातील मोकळे रान आहे. पण रानात पायी जाऊन दुर्मीळ जीव शोधणे आणि त्याची नोंद घेणे हाच तिचा विषय आहे.

कर्वालो हा शास्त्रज्ञ, शेती सोडण्याच्या विचारात असलेला निवेदक, छायाचित्रकार प्रभाकर आणि गुराखी-मधपाळ मंदण्णा अशी मंडळी उडत्या सरड्याच्या शोधात रानात शिरतात. गाव ज्याला मंद समजते, त्या मंदण्णानेच तो सरडा प्रथम पाहिलेला असतो. त्याच्याविना शास्त्र आंधळे आहे आणि कॅमेरा निरुपयोगी आहे, हे कादंबरी विनोदाच्या अंगाने, पण निःसंदिग्धपणे सांगते. रचनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो शेवट. सरडा दिसतो, हाती येतो येतो म्हणता दरीच्या दिशेने झेपावतो आणि अदृश्य होतो. जो लेखक स्वतः छायाचित्रकार आहे, त्याने कादंबरीचा उत्कर्षबिंदू निसटण्यावर ठेवावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दर्शनकथनाच्या अपेक्षेने वाचणाऱ्याला हा शेवट अपयशाचा वाटेल. मागकथन म्हणून वाचले तर शोधाच्या ओघात चार माणसांचे परस्परांविषयीचे आणि काळाविषयीचे आकलन बदलले, हेच कादंबरीचे फलित ठरते.

माडगूळकर आणि तेजस्वी यांची तुलना येथे फलदायी आहे. माडगूळकरांच्या वनगद्यात शांतता आहे आणि निवेदक बहुधा एकटा आहे. तेजस्वींकडे गोंगाट आहे, टोळके आहे, भांडणे आहेत. माडगूळकरांचे एकटेपण निरीक्षणाला धार देते, परंतु रानातील श्रमविभागणी त्यात पुरेशी दिसत नाही. तेजस्वींच्या टोळक्यात ती स्पष्ट दिसते : कोण चालतो, कोण दाखवतो, कोण नाव देतो आणि नाव कोणाचे लागते. मराठी वनगद्याने कन्नडकडून घेण्यासारखी ही गोष्ट आहे.

६

वरील लेखन ज्या अनुभवावर उभे आहे, तो अनुभव आता कितपत शक्य आहे, हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २७ अभयारण्यात कोण प्रवेश करू शकतो ते ठरवते : कामावरील लोकसेवक, परवानाधारक, हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक मार्गाने जाणारा आणि त्यांचे आश्रित. कलम २८ परवान्याची प्रयोजने सांगते. त्यांत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार यांचा समावेश होतो; २०२२ च्या सुधारणेने छायाचित्रणाच्या जोडीला अधिवासात बदल न करता केलेले चित्रपटनिर्माणही आले. छायाचित्रण हे विधिमान्य प्रयोजन आहे. चालणे हे प्रयोजन म्हणून कायद्याला ठाऊक नाही.

व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभा क्षेत्रापुरती तात्पुरती बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांसह ती उठवली. बहुतेक व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटक आता ठरलेल्या रस्त्यांवरून, नोंदणीकृत वाहनात, मार्गदर्शकासह, ठरावीक वेळात फिरतो. नागझिराही २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. या निर्बंधांची संवर्धनाच्या दृष्टीने असलेली कारणे रास्त आहेत आणि त्यांविरुद्ध तक्रार करण्याचे प्रयोजन नाही. मात्र वाङ्मयीन परिणाम स्पष्टपणे मांडला पाहिजे. वाहनातून पाय न उतरवता केलेल्या फेरीचे गद्य बहुधा दर्शनकथनच होते. ‘सायटिंग झाले’ किंवा ‘झाले नाही’ या दोनच शक्यता त्यात उरतात. मागावर जाण्याला वाव नसल्याने न दिसण्यालाही अर्थ उरत नाही. अलीकडे छायाचित्रांनी सजलेली जी वनविषयक पुस्तके व दिवाळी अंकांतील लेख येतात, त्यांतील पुष्कळसे लेखन चित्रांच्या मधली जागा भरण्यापुरते असते, याचे एक कारण येथे आहे. लेखकाची प्रतिभा कमी पडली, एवढेच म्हणून भागत नाही. लेखनाला लागणारा देहाचा अनुभवच आक्रसला आहे.

काही ठिकाणी निराळी वाटही दिसते. केरळातील पेरियार येथे पूर्वी रानातून चोरून साल काढणाऱ्यांना आणि शिकार करणाऱ्यांना संघटित करून पर्यटकांना पायी रान दाखवण्याचे आणि रान राखण्याचे काम देण्यात आले. मागाचे जुने ज्ञान तेथे अभयाच्या कामी आले. या माणसांचे स्वकथन मल्याळम वा अन्य भाषांत विपुल झाले, तर भारतीय वनगद्याच्या इतिहासात मोठी भर पडेल.

दरम्यान चॅम्पियन यांची ताणलेली तार अत्यंत प्रगत रूपात परत आली आहे. १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या अंदाजण्याची पद्धत विकसित केली. २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रे निघाली. त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. म्हणजे हजार छायाचित्रांमागे वाघाची सुमारे दोन. याच गणनेत खुणांच्या शोधार्थ ५,२२,९९६ किलोमीटर अंतर पायी तुडवले गेले. पहिल्या आकड्यांची जगभर वाखाणणी झाली. शेवटच्या आकड्यामागे वनरक्षक, वनमजूर आणि स्थानिक सहाय्यक यांची पावले आहेत. भारतीय इतिहासातील इतक्या मोठ्या पायपिटीला अद्याप तिचे गद्य मिळालेले नाही.

कॅमेरा केवळ वाघालाच टिपतो असेही नाही. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील पाळत-तंत्रज्ञानावर केंब्रिज विद्यापीठातून झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपण व गवत आणण्यासाठी रानात जाणाऱ्या स्त्रिया तेथे एरवी मोठ्याने बोलत, गाणी म्हणत चालतात. त्याने जनावरांनाही चाहूल लागते. कॅमेऱ्यांच्या नजरेमुळे त्या गप्प राहू लागल्या, आडवाटांनी जाऊ लागल्या आणि त्यांचा धोका वाढला, असे या अभ्यासात नोंदले आहे. कॉर्बेट यांनी यंत्राचा आवाज झाकण्यासाठी ओढ्याचा आवाज वाढवला होता. त्यांच्याच नावाच्या रानात यंत्रापुढे स्त्रियांचा आवाज थांबला. ‘अभय’ या शब्दातील देणारा आणि किंमत मोजणारा येथे समोरासमोर येतात. वनगद्याच्या परंपरेत लेखक म्हणून स्त्रीचा अल्प वावर आणि रानवाटेवर तिचा रोजचा वावर यांतील तफावतही या निमित्ताने उघड होते.

७

या विवेचनातून समीक्षेसाठी काही निकष हाती येतात. अभयारण्यविषयक संहिता वाचताना कोणते प्राणी दिसले, हा प्रश्न दुय्यम मानावा. पुढे कोण चालत होते, खुणांचा अर्थ कोणी लावला आणि त्याचे नाव संहितेत उरले का, हे प्रथम विचारावे. न दिसण्याला संहितेत किती जागा आहे, हेही पाहावे. कारण छायाचित्राला जे अशक्य आहे, ते गद्याने केले की नाही याचा तो पुरावा असतो. रेखाटन, छायाचित्र आणि शब्द एकत्र येतात तेव्हा शब्द चित्राची साक्ष देतात की चित्राबाहेरचे काही सांगतात, याचा निवाडा करावा. या निकषांवर चॅम्पियन यांचे गद्य त्यांच्या छायाचित्रांहून अधिक काळ बोलत राहते, कॉर्बेट शिकारीपेक्षा पायपिटीचे लेखक ठरतात, माडगूळकर प्रतीक्षेचे, चितमपल्ली वाटाड्यांच्या शब्दांचे, तर तेजस्वी निसटण्याचे लेखक ठरतात.

तौलनिक साहित्याभ्यासाने पर्यावरणवादी समीक्षेची परिभाषा मुख्यतः अमेरिकी निसर्गलेखनातून उचलली. निर्मनुष्य अरण्याची ती कल्पना भारतीय संदर्भात किती घातक ठरू शकते, हे रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच दाखवले होते. साहित्याच्या क्षेत्रात तिला पर्याय शोधताना भारतीय भाषांतील अशा शब्दांकडे वळण्याची गरज आहे. ‘माग’, ‘टिपण’, ‘वाटाड्या’, ‘अभय’ हे शब्द मीमांसेच्या संज्ञा होण्याइतके सघन आहेत. त्यांच्या साहाय्याने वनरक्षकांच्या दैनंदिनी, वाटाड्यांची मौखिक कथने आणि सरपणाच्या वाटेवरील स्त्रियांची गाणी यांचे संकलन व वाचन भाषाभाषांतून झाले, तर वनगद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागेल. ज्या पिढीने अभयारण्यांची पहिली दशके पायी पाहिली, ती पिढी आता मावळते आहे. हे संकलन तिच्या हयातीतच व्हावयास हवे.